नायट्रेटचा आकडा खरा किती? थेंबांच्या किटवर भरवसा ठेवण्याआधी

काचेतलं_तळं

‘माशांच्या टाकीतलं नायट्रेट परवा १० होतं, आज ४० दाखवतंय, अर्धं पाणी काढू का?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून हा स्वतंत्र धागा. (नायट्रेट म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारा क्षार; आकडे मिग्रॅ/लिटरमध्ये.) बहुतेक वेळा टाकीत काहीच घडलेलं नसतं, तपासणीत घडलेलं असतं. पीएच किंवा अमोनियाच्या किटमध्ये थोडा आळस खपून जातो. नायट्रेटच्या किटमध्ये खपत नाही.

कारण असं. नायट्रेटला सरळ रंग आणता येत नाही, म्हणून किट आधी त्याचं नायट्राइट करतं. त्यासाठी बहुतेक किटमध्ये जस्ताची बारीक पूड असते. मग ते नायट्राइट आम्लात दोन सेंद्रिय रसायनांशी जोडलं जाऊन गुलाबी-लाल रंग उतरतो. ही ग्रीसची अभिक्रिया, एकोणिसाव्या शतकातली. पेच पहिल्या पायरीत आहे: जस्त सगळ्या नायट्रेटचं रूपांतर करत नाही. ठरावीक वेळ, ठरावीक जोराने हलवलं तर ठरावीक हिस्सा बदलतो, आणि रंगपट्टी तो हिस्सा धरूनच छापलेली असते. कमी हलवलं तर आकडा कमी. खूपच वेळ हलवलं तर तयार झालेलं नायट्राइट पुढे आणखी तुटतं आणि त्याला रंग येत नाही, म्हणजे पुन्हा आकडा कमी.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारं एपीआय कंपनीचं दोन बाटल्यांचं किट धरून क्रम सांगतो. दुसरं किट असेल तर त्याच्या कागदावरचा क्रम पाळा, यातलं माप तिकडे नेऊ नका.

नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा खळबळून घ्या. मग ५ मिली भरा. पाण्याची कड काचेवर वर चढलेली दिसते. रेघेला टेकायला हवी ती मधली खोलगट बाजू, कड नव्हे. बाटली नं. १ चे १० थेंब, झाकण लावून नळी काही वेळा उलटसुलट. आता बाटली नं. २ किमान ३० सेकंद जोरात हलवा आणि लगेच तिचे १० थेंब टाका. झाकण लावून नळी पूर्ण १ मिनिट जोरात हलवा. ५ मिनिटं थांबा. वाचा. मोबाइलवर गजर लावा, मनात साठ मोजू नका. मनातला मिनिट साधारण चाळीस सेकंदांचा असतो.

थेंब टाकताना बाटली सरळ उलटी, अगदी उभी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. आणि झाकणाऐवजी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवणाऱ्यांनी ते थांबवावं. आत आम्ल आहे.

पाणकणीस

उत्तम धागा. नं. २ च्या बाटलीबद्दल एक शंका. तिच्यातली पूड तळाशी घट्ट बसली असेल तर ३० सेकंद पुरतात का?

काचेतलं_तळं

नाही पुरत. कित्येक महिने न हलवलेली बाटली असेल तर आधी तिचं बूड टेबलावर आठदहा वेळा आपटा, मग दोन मिनिटं हलवा. उजेडासमोर धरून तळाशी चिकटलेला थर सुटला का ते पाहा.

यात एक गंमत आहे जी लक्षात येत नाही. न हलवता वापरलेल्या बाटलीतून सुरुवातीला वरचं पातळ द्रावण जातं, त्यामुळे आकडे कमी येतात आणि माणूस खूश असतो. जड भाग मात्र बाटलीतच साठत जातो. बाटली संपत आली की तेच थेंब दाट होतात आणि आकडे विचित्र येऊ लागतात. म्हणजे एक बाटली काही महिने चुकीची हाताळली तर नंतर कितीही नीट हलवून ती दुरुस्त होत नाही, कारण तिच्यातलं प्रमाणच बिघडलेलं असतं. तिला रजा द्या.

क्षार_आणि_पाणी

वरचं सगळं बरोबर, पण हे सगळं करूनही आकडा खरा आहे हे कळणार कसं? ओळखीच्या द्रावणावर किट चालवल्याशिवाय नाही. ज्या पाण्यात किती नायट्रेट आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्यावर किट काय म्हणतं ते पाहायचं.

पोटॅशियम नायट्रेट घ्या. वजनाने त्यात ६१.३ टक्के नायट्रेट असतं. म्हणून १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवलं की १००० मिग्रॅ/लिटर नायट्रेटचं साठा-द्रावण तयार. त्यापासून पुढे:

०.५ मिली साठा, शुद्ध पाणी घालून एकूण १०० मिली: ५
१ मिली, एकूण १०० मिली: १०
२ मिली, एकूण १०० मिली: २०
४ मिली, एकूण १०० मिली: ४०

काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, छोटा ज्वेलरी काटा चालतो. घरी ०.१ ग्रॅमचाच काटा असेल तर १६.३ ग्रॅम १ लिटरमध्ये घ्या आणि त्यातलं १०० मिली पुन्हा १ लिटर करा. तोलण्यातली चूक दहापट लहान होते. विरघळताना पाणी गार पडतं, ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच माप पूर्ण करा. लिटर मोजायला बिसलरीच्या बाटलीच्या गळ्यावर भरवसा नको, पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. १००० ग्रॅम म्हणजे १ लिटर, आपल्या कामाला तेवढं अचूक पुरे.

सिरिंज: औषधाच्या दुकानातून २ मिलीची बिनसुईची घ्या. इन्सुलिनची घेतलीत तर तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात. यू-४० वर २० युनिट म्हणजे अर्धा मिली, यू-१०० वर ५० युनिट म्हणजे अर्धा मिली. इथे गफलत झाली की अडीचपट चूक.

साठा-द्रावण गडद बाटलीत, नाव-तारीख चिकटवून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. गढूळ दिसलं की फेका.

ठिबकवाला

हे रसायन शोधत शहरभर फिरायची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ मागा (हे आकडे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे). ते पोटॅशियम नायट्रेटच आहे, ठिबकमधून द्यायचं विद्राव्य खत, एक किलोच्या पुड्यात मिळतं.

हिशोब: १ ग्रॅम नत्र (नायट्रोजन) म्हणजे ४.४३ ग्रॅम नायट्रेट, म्हणून १३ टक्के नत्र गुणिले ४.४३ म्हणजे ५७.६ टक्के नायट्रेट. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये नत्र १३.८५ टक्के असतं. पुड्यावरचा आकडा किमान हमीचा, त्यामुळे खरं प्रमाण ५७.६ आणि ६१.३ च्या मध्ये कुठेतरी. पुड्यावरचा आकडा धरायचा तर १.६३ ऐवजी १.७४ ग्रॅम घ्या. फरक सहा-सात टक्क्यांचा. थेंबांचं किट २० आणि २१ मधला फरक कधीच दाखवणार नाही, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरं काही उचलू नका. १९:१९:१९ मध्ये नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपातही असतं, १२:६१:०० मध्ये सगळं अमोनियम, ००:५२:३४ मध्ये नत्रच नाही. कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल इतकी ओढतं की तोलेपर्यंत वजन बदलतं. आणि पुडा काडेपेटी, रॉकेल, भुसा यांच्याजवळ ठेवू नका, नायट्रेट आग भडकवतं.

पाणकणीस

शुद्ध पाणी म्हणजे घरच्या आरओचं चालेल ना?

क्षार_आणि_पाणी

थांबा, इथेच बरेच जण अडकतात. आरओ म्हणजे नायट्रेट शून्य नव्हे. आरओचा पडदा कॅल्शियम-मॅग्नेशियम जितकं अडवतो तितकं नायट्रेट अडवत नाही. मूळ पाण्यात ८० असेल तर आरओच्या पाण्यात ८-१० सहज उतरू शकतं, पडदा जुना असेल तर जास्त. शिवाय घरच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण ठरवणारा) कॉक असतो, तो न गाळलेलं पाणी परत मिसळतो. मशीन यूव्ही किंवा यूएफचं असेल तर नायट्रेट जराही कमी होत नाही. उकळून तर उलट वाढतं, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी आणा. तेसुद्धा आधी किटने तपासा. स्वच्छ पिवळा रंग आला पाहिजे. नारिंगी झाक आली तर एक तर पाण्यात नायट्रेट आहे किंवा नळी नीट धुतलेली नाही. नळी बॅटरीच्या पाण्याने तीनदा धुऊन पुन्हा बघा, उत्तर मिळेल.

ठिबकवाला

बॅटरीच्या पाण्याला माझा थोडा विरोध आहे. गॅरेजात कॅनमधून सुटं देतात, त्या कॅनमध्ये आधी काय होतं कोण जाणे. सीलबंद बाटली घ्या, एवढंच.

क्षार_आणि_पाणी

मान्य.

संध्याकाळचा_उजेड

रंग वाचण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते निम्मी चूक तिथे आहे.

एपीआयच्या पट्टीवर ०, ५, १०, २०, ४०, ८०, १६० असे टप्पे आहेत. पिवळ्यापासून २० पर्यंतच्या नारिंगीपर्यंत डोळा फरक ओळखतो. ४० आणि ८० दोन्ही लाल. ते वेगळे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि तिथेच माणसं घाबरून अर्धी टाकी रिकामी करतात.

वाचायचं दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही. पिवळ्या बल्बखाली सगळंच नारिंगी दिसतं. टाकीचा स्वतःचा दिवा तर नकोच, झाडांसाठीचे बरेच एलईडी मुद्दाम लाल-निळ्याकडे झुकलेले असतात. नळी पट्टीच्या रंगीत चौकोनावर नको, शेजारच्या पांढऱ्या भागाला टेकवून धरा. मोबाइलने फोटो काढून इथे ‘किती वाटतं?’ विचारू नका. कॅमेरा स्वतःच पांढरा रंग ठरवतो आणि प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं दिसतं. पट्टी उन्हात लटकवून ठेवली असेल तर तिचाही रंग उडालेला असतो.

खरा उपाय वरच्या द्रावणांतच आहे. छापील पट्टी बाजूला ठेवा. १०, २०, ४० ची तीन द्रावणं आणि टाकीचं पाणी, अशा चार नळ्या एकाच वेळी करा, चारही एकाच घड्याळावर. मग टाकीची नळी या तिघींमध्ये कुठे बसते ते पाहा. हलवण्यात जी कसूर व्हायची ती चारही नळ्यांत सारखी होते, उजेडही सारखा. लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्यांनाही हे जास्त सोपं जातं, कारण रंगाचं नाव ठरवायचं नसतं, गडद-फिकं पाहायचं असतं. फक्त या नळ्या उद्यासाठी राखून ठेवू नका, रंग बदलत जातो.

पाणकणीस

+१. चार नळ्यांची कल्पना फारच आवडली. पण टाकीचं पाणी चाळीसच्या वर असेल तर?

संध्याकाळचा_उजेड

पातळ करा. १ मिली टाकीचं पाणी आणि ४ मिली शुद्ध पाणी, एकूण ५ मिली. आलेला आकडा गुणिले ५. पातळ केलेलं वाचन ५ ते २० च्या पट्ट्यात आलं पाहिजे, तिथेच डोळा विश्वासाचा. शून्याजवळ आलं तर कमी पातळ करा, अर्धं-अर्धं. एक भान ठेवा: वाचनातली चूकही पाचपट होते. १० की १५ अशी शंका असेल तर उत्तर ५० ते ७५ आहे असंच म्हणायचं, ‘साडेबासष्ट’ म्हणून वहीत लिहू नये.

आणि १ मिली नळीच्या रेघांवर मोजू नका. सिरिंजने.

बदामपान

आमच्या टाकीत बदामाची पानं आणि लाकूड आहे, पाणी चहासारखं. अशा पाण्याचं काय करायचं?

काचेतलं_तळं

पाण्याचा पिवळा-तपकिरी रंग किटच्या रंगात मिसळतो आणि आकडा चढा वाटतो. पातळ केलं की हा त्रासही कमी होतो, पाच भागांत एकच भाग चहा. नाहीतर तुलनेच्या नळ्यांमागे टाकीच्या साध्या पाण्याची एकेक नळी उभी करा आणि आरपार बघा, म्हणजे दोन्ही बाजूंना तोच पिवळेपणा येतो. हिरवं पाणी असेल तर आधी कॉफी गाळायच्या कागदातून गाळून घ्या. मिथिलीन ब्लू किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकलेल्या टाकीचं नायट्रेट त्या दिवसांत तपासू नका. निळ्या पाण्यात रंग वाचता येत नाही, आणि परमँगनेट स्वतःच अभिक्रियेत लुडबूड करतं.

क्षार_आणि_पाणी

याला एक चाचणी जोडतो, टाकीच्या पाण्यात काही अडथळा आहे की नाही हे कळतं. ४९ मिली टाकीचं पाणी घ्या, त्यात १ मिली साठा-द्रावण (१००० चं) टाका. नायट्रेट २० ने वाढायला हवं. साधं पाणी आणि हे वाढवलेलं पाणी शेजारी शेजारी तपासा. १० चं ३० झालं तर किट या पाण्यात नीट चालतंय. १० चं १५ च झालं आणि बॅटरीच्या पाण्यातलं २० मात्र बरोबर २० येतंय, तर दोष किटचा नाही, पाण्यातलं काहीतरी रंग दाबतंय. दोन्हीकडे कमी येतंय तर बाटली नं. २ किंवा तिची तारीख बघा.

नवीन_टाकी_नवे_मासे

टाकी तीन आठवड्यांची आहे. नायट्राइट २ आणि नायट्रेट एकदम ८०! एवढं लवकर कसं?

काचेतलं_तळं

तसं नाहीये. वर सांगितलंय तसं किट शेवटी रंग देतं तो नायट्राइटला. तुमच्या पाण्यात आधीच असलेलं नायट्राइट पूर्णच्या पूर्ण रंगात उतरतं, आणि नायट्रेटचा मात्र काही हिस्साच बदलतो. म्हणून थोडंसं नायट्राइटही भरपूर नायट्रेटचं सोंग घेतं. प्रयोगशाळेत आधी सल्फॅमिक आम्ल घालून नायट्राइट घालवतात, घरी तो खटाटोप नको. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेटचा आकडा वाचूच नका. पाणी बदलायचं ते अमोनिया आणि नायट्राइट पाहून. मासे आत असतील तर नायट्राइट २ ही उद्याची गोष्ट नाही, आज अर्धं पाणी बदला, खाणं कमी करा.

बोअरवेल_एक

प्रयोगशाळेचा पाण्याचा अहवाल आहे, नायट्रेट ११ लिहिलंय. किट त्याच पाण्याला ४०-५० दाखवतंय. कोण खोटं?

क्षार_आणि_पाणी

बहुधा कुणीच नाही. अहवालात ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’, ते पाहा. दुसरं असेल तर फक्त नत्राचं वजन मोजलेलं असतं आणि गुणिले ४.४३ करावं लागतं. ११ चे ४८.७ होतात, म्हणजे किट बरोबर. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० (२०१२), मर्यादा ४५ आहे ती पूर्ण नायट्रेटची. अमेरिकेतली १० ही नत्राची, म्हणजे साधारण तीच. परदेशी लेख वाचून ‘१० च्या आत ठेवा’ असं लिहिताना आधी एकक बघावं. किटमध्येही दोन्ही प्रकार असतात, काहींच्या पट्टीवर दोन रांगा असतात.

आणि तुमचं पाणी पिण्याच्या मर्यादेच्या वर आहे. माशांचं नंतर बघू, घरात लहान बाळ असेल तर त्याच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका.

ठिबकवाला

विदर्भ-मराठवाड्यात विहिरी-बोअरना ४५ च्या वर नायट्रेट सापडणं नवीन नाही. खतं, शेणाचे उकिरडे, शोषखड्डे, सगळं झिरपतं. म्हणून टाकीआधी नळाचं किंवा बोअरचं पाणी तपासा. टाकीत ८०, बोअरमध्ये ६०: अर्धं बदललं की ७०. पुन्हा अर्धं बदललं की ६५. वर्षभर बदलत राहिलात तरी ६० च्या खाली जाणार नाही. पावसाळ्यानंतर बोअरचा आकडा बदलू शकतो, वर्षात दोनदा तरी बघा.

बोअरवेल_एक

धन्यवाद, नत्रच लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात. पिण्याचं पाणी आजपासून बदलतो. टाकीसाठी आरओ आणि बोअर अर्धं-अर्धं मिसळलं तर चालेल?

ठिबकवाला

चालेल. तयार मिश्रण तपासूनच टाका, कागदावरच्या हिशोबावर नको. आरओमुळे कडकपणाही उतरतो, पीएच लक्षात ठेवा, आणि एका झटक्यात अर्धी टाकी बदलू नका. आठवड्याला पाचवा हिस्सा.

मीठपाणी

समुद्री टाकीवाल्यांसाठी थोडंसं. खाऱ्या पाण्यात रंग वेगळा येतो. किटमध्ये खाऱ्या पाण्याची वेगळी पट्टी असेल तर तीच वापरा. तुलनेची द्रावणं करायची तर तीही ताज्या बनवलेल्या समुद्री मिठाच्या पाण्यात करा, डिस्टिल्डमध्ये नाही. प्रवाळाच्या टाकीत २ की ५ हा प्रश्न असतो, तिथे थेंबांचं साधं किट अपुरं पडतं. हॅना कंपनीच्या रंगमापकांत (रंग मोजणाऱ्या छोट्या यंत्रांत) एचआय७८१ कमी पल्ल्याचा, ० ते ५, आणि एचआय७८२ जास्त पल्ल्याचा, ० ते ७५. दोन्ही समुद्री पाण्यासाठीच. यंत्र आहे म्हणून हाताची चूक जात नाही: बाटलीच्या काचेवर बोटाचा ठसा, आत चिकटलेला बुडबुडा किंवा न विरघळलेली पूड असली की यंत्र तेसुद्धा रंग म्हणूनच मोजतं.

पाणकणीस

शेवटचा प्रश्न. पट्ट्या, म्हणजे बुडवायच्या स्ट्रिप, अजिबात नकोत का?

संध्याकाळचा_उजेड

‘शून्याजवळ की पन्नासच्या वर’ एवढंच पाहायचं असेल तर चालतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर ओल लागून काही दिवसांत खराब होतात. कोरड्या हाताने एक काढायची, झाकण लगेच लावायचं, डब्यातली सिलिका जेलची पुडी फेकायची नाही. कागदावर लिहिलेल्या सेकंदालाच वाचायची, पाच मिनिटांनी परत पाहिलेला रंग धरायचा नाही. नायट्राइटचा चौकोन गुलाबी झाला असेल तर त्याच पट्टीवरचा नायट्रेटचा चौकोन सोडून द्या, वर काचेतलं_तळं यांनी सांगितलेलंच कारण.

काचेतलं_तळं

काम झालं की नळ्या लगेच धुवा, साबण नको. वाळलेला गुलाबी डाग पुढच्या वेळी ५ म्हणून वाचला जातो. झाकणंही धुवा, आणि प्रत्येक चाचणीची नळी-झाकण वेगळं ठेवा, मार्करने खूण करून. वापरलेलं पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत, टाकीत किंवा कुंडीत नाही.